हिराबाईची बावीस तात्पुरती वर्षं

हिराबाईला ऑर्डर पाहिजे होती. बाकी तिनं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. ऑर्डर म्हणजे संस्थेच्या शिक्क्याचा, अध्यक्षांच्या सहीचा एक कागद, की हिराबाई परशुराम गावडे ही आजपासून कॉलेजच्या नोकरीत कायम. धारवाडच्या आमच्या आर्ट्स कॉलेजात शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्या कागदाला नुसतं ऑर्डर म्हणायचे. माझी ऑर्डर मला दोन वर्षांत मिळाली. हिराबाई माझ्याही आधीपासून तिथं झाडत होती, आणि दोन हजार सहा साल उजाडलं तरी तात्पुरतीच होती. ती ऑर्डर तिला का मिळाली नाही, हे आज सांगून टाकते. इतकी वर्षं झाली, अजून मला ते खरं वाटत नाही, आणि मी तर तिथंच होते.

मी सरस्वती मिरजकर. आमचं घर हुबळीचं, कोप्पीकर रोडला अण्णांचं भांड्यांचं दुकान. एकोणीसशे शहाऐंशीत इतिहास शिकवायला धारवाडला लागले आणि रिटायर होईपर्यंत रोज बसनं जाऊन-येऊन केलं. तोंडानं मी पहिल्यापासून फटकळ. खोटं मला खपत नाही, चुकीला चूक म्हणायचं, मग समोर प्राचार्य असोत नाहीतर संस्थेचे अध्यक्ष. असं मी माझ्याबद्दल समजत होते.

पहिल्या दिवशी पहिल्याच तासाला पोरांनी मला पिटाळून लावलं. एकशेवीस पोरं, बाकं बडवत होती. डोळे पुसत मी लेडीज रूममध्ये शिरले तर तिथं खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत दीड वर्षाचं पोर झोपलेलं, आणि एक काळीसावळी ठेंगणी बाई फरशी पुसत होती. तिनं वर बघितलं, हात धुतले, तांब्यातनं पाणी ओतून दिलं.

"पोरं वरडत्यात म्हंजे जित्ती हाईत, बाई," ती म्हणाली. "गप बसतील त्या दिवशी भ्या."

धारवाडात आमचा सगळा व्यवहार कन्नडमधनं चालायचा. पण हिचं मराठी ऐकलं आणि मला एकदम बरं वाटलं. अळणावरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला तिचं गाव. तिकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसू देत. मी तिला हिराक्का म्हणायला लागले, ती मला बाई म्हणायची.

झोळीतली ती रूपा. हिराबाई कामाला लागली तेव्हा रूपा पोटात होती, पाचवा महिना. नवरा परशुराम मार्केट यार्डात हमाली करायचा. त्याच्या एकट्याच्या हमालीत भागेना म्हणून चौऱ्याऐंशीच्या श्रावणात ही कॉलेजात लागली, लेडीज रूम झाडायची, पाणी भरायचं, शिपाई रजेवर असला की घंटा द्यायची. डिसेंबरात तिथंच लेडीज रूममध्ये तिला कळा सुरू झाल्या. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाच्या पोरींनी तिला रिक्षात घातलं आणि सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. दोन महिन्यांनी ती पोर काखेला मारून परत कामावर हजर. पुढं परशुराम काविळीनं गेला. चौदाव्या दिवशी ती आली, आणि येतानाच मला म्हणाली, "बाई, काय इचारू नगासा. काम सांगा." मी काम सांगितलं.

तिच्याबद्दल सांगायचं तर पोतंभर आहे. एकदा परीक्षेच्या सकाळी एका पोरीचा भाऊ तिला घरी न्यायला आला. लग्न ठरवलं होतं, परीक्षा नको म्हणे. पोर लेडीज रूममध्ये जाऊन लपली. हिराबाई दारात खराटा आडवा धरून उभी. "आत बायकामाणसं हाईत. तुला आई-भन न्हाई व्हय?" घंटा होईपर्यंत तिनं त्याला तिथंच खिळवून ठेवलं आणि मागच्या दारानं पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये. त्या पोरीला आज स्वतःची दोन पोरं आहेत आणि ती हायस्कुलात शिकवते. प्राचार्यांना हे काहीच माहीत नव्हतं. कॉलेजची निम्मी कामं अशीच त्यांना न कळवता होत होती.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तात्पुरत्या माणसाची नेमणूक दर वर्षी एकतीस मेला संपायची. एक जूनला तो माणूस नोकरीत नाही. दोन जूनला नवं पत्र, नवी नेमणूक, पहिल्यापासून सुरू. त्या मधल्या एका दिवसाला ब्रेक म्हणायचे. सलग नोकरी झाली असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून ही सोय. शिवाय नवं पत्र घेताना जुनं पत्र ऑफिसात जमा करायचं, हा आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट वादिराज यांचा नियम. म्हणजे हिराबाईच्या हातात कायम एकच पत्र, चालू वर्षाचं. आणि ब्रेकच्या दिवशी ही बाई घरी बसायची का? कसली बसते. अ‍ॅडमिशनची गर्दी, पोरींना पाणी कोण देणार म्हणून एक जूनलाही हजर. फक्त त्या दिवशी मस्टरवर सही करायची नाही. वीस वर्षं हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कॉलेजात असंच असतं, असं वाटायचं.

दोन हजार साली आमच्या कॉलेजचं नॅकचं, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेचं नव्हे, बंगळूरच्या, मूल्यांकन झालं होतं. त्याची मुदत पाच वर्षं. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात नूतनीकरणाची तयारी सुरू झाली आणि शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी वागायला लागली. पाच वर्षांत काय काय केलं याचं अहवालाचं पुस्तक छापून द्यायचं होतं, पुराव्यांसकट. आणि पाच वर्षांत आम्ही, खरं सांगायचं तर, तास घेतले आणि परीक्षा घेतल्या. पालक सभा, माजी विद्यार्थी सभा, महिला कक्ष, सल्लागार समिती, यांतलं काहीही झालेलं नव्हतं. मग ते सगळं घडवायचं ठरलं. राज्यशास्त्राचे बाळकृष्ण सर चार दिवस लायब्ररीत बसले आणि तीन रंगांच्या पेनांनी पाच वर्षांचे इतिवृत्तांत लिहून मोकळे झाले. एका सभेत त्यांनी आमच्या संस्कृतच्या सरांना आभार मानायला लावले. ते सर त्या सभेच्या आधी आठ महिने वारले होते. ते पान चिकटवून टाकावं लागलं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

माझ्याकडं महिला कक्षाची पाच वर्षं आली. मी सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि वही टेबलावर ठेवली.

"सर, मी इतिहास शिकवते. पुरावा नसताना मी ओळ लिहीत नाही."

प्राचार्य शेषगिरी सर माणूस मऊ. आवाज चढवत नसत. "बरं मॅडम," ते म्हणाले, "मग तुम्ही तक्ते करा. आकडे, तारखा, नावं. तुमच्या कामावर कुणी बोट ठेवणार नाही."

मी खूश. स्टाफरूममध्ये ताठ मानेनं फिरत होते. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कोण सांगणार.

नववा तक्ता शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा होता. नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, कायम की तात्पुरते. कच्चा तक्ता घेऊन मी वादिराजांकडं गेले. हिराबाईपुढं मी लिहिलं होतं, ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी, तात्पुरती. वादिराजांनी चष्मा वर सरकवला.

"मॅडम, हे नॅकच्या टीमनं बघितलं तर? बावीस वर्षं तात्पुरती? पहिला प्रश्न हाच येईल."

"येऊ दे की. खरं आहे ते."

"खरं कशावरून?" त्यांनी कपाटातनं फाईल काढली आणि एक पत्र माझ्यापुढं ठेवलं. हिराबाईचं चालू नेमणुकीचं पत्र. "हा कागद काय म्हणतो? दोन जून दोन हजार पाच. दुसरा कागद तुमच्याकडं आहे?"

नव्हता. मग ते माझ्याच भाषेत बोलले. "तुम्हीच म्हणता ना, पुराव्याशिवाय लिहीत नाही. मग पुरावा आहे ते लिहा. एनू आगूदिल्ल बिडरी, काही होत नाही. टीम तीन दिवसांची. नंतर हे पुस्तक उघडतंय कोण?"

मी तिथं उभी होते. समोर शिक्क्याचा कागद. आणि माझ्या डोळ्यांनी बघितलेली झोळी, वीस वर्षांची माझी स्वतःची साक्ष, तिची किंमत त्या घटकेला मला त्या कागदापेक्षा कमी वाटली. कमी वाटली म्हणण्यापेक्षा, तसं मानणं सोयीचं होतं. मी खोडलं आणि लिहिलं, २-६-२००५. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. उलट आपण खोटं न लिहिता कॉलेजची अब्रू झाकली, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले. हे आठवलं की आज मला माझीच शरम वाटते.

बाहेर पडले तर हिराबाई जिना धूत होती. नॅकसाठी जिना रोज दोनदा धुतला जायचा.

"बाई, त्या पुस्तकात माजं नाव घातलासा न्हवं?"

"घातलंय की. छापून येणार आहे, हिराक्का."

तिला इतका आनंद झाला की ती पायरीवर खालीच बसली. पुस्तक छापून आल्यावर मी तिला लेडीज रूममध्ये नेऊन नववा तक्ता दाखवला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं नाव. तिनं हात पदराला पुसले आणि ते नाव लांबूनच बघितलं, कागदाला हात लावला नाही. म्हणाली, "आता ऑर्डर येतंय बगा. छापल्याबिगर ऑर्डर न्हाई देत, म्हनून आडलं हुतं." मी हसून पुस्तक मिटलं.

फेब्रुवारीत टीम आली. तीन माणसं, त्यात एक बाई, लांबच्या राज्यातल्या, समाजशास्त्राच्या. त्यांना ना कन्नड येत होतं ना मराठी. दुसऱ्या दिवशी त्या लेडीज रूम बघायला आल्या, बरोबर मी. फरशी लखलखत होती. माठावर स्वच्छ फडकं, कोपऱ्यात मुलींसाठी खाट, सुई-दोरा, बिब्ब्यापासून हळदीपर्यंत हिराबाईचा औषधाचा डबा. बाई खरंच हरखल्या. हिराबाई दाराशी हात जोडून उभी होती. बाईंनी हातातलं पुस्तक उघडून तिचं नाव विचारलं आणि मग मला इंग्रजीत म्हणाल्या, ही इथं किती वर्षं आहे, विचारा तिला.

मी विचारलं. "हिराक्का, किती वर्षं झाली म्हणून विचारतात."

ती मान वर करून म्हणाली, "बावीस सांगा की, बाई. बावीसावं चालू हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. पुस्तक त्यांच्या हातात उघडंच होतं, नववा तक्ता. आणि मी इंग्रजीत म्हणाले, एक वर्ष होत आलं म्हणते.

कुणी मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं. ना प्राचार्यांनी, ना वादिराजांनी. माझ्याच तोंडून ते सहज निघालं. आपण हे बोललो? तिच्यासमोर, तिच्याच तोंडचं म्हणून? बाई हिराबाईकडं बघून कौतुकानं हसल्या. एका वर्षात किती नीट ठेवलंय, असं काहीतरी इंग्रजीत बोलल्या. हिराबाईला वाटलं, बावीस वर्षांचं कौतुक झालं. तिनं परत हात जोडले. त्या गेल्यावर मला विचारलं, "काय म्हनाल्या?" मी म्हटलं, "छान म्हणाल्या."

कॉलेजला बी प्लस प्लस मिळालं. पहिल्यापेक्षा वर. फटाके उडवले, गावातनं फ्लेक्स लागले.

मार्चअखेर एक कायम शिपाई निवृत्त झाला आणि एक जागा मोकळी झाली. संस्थेच्या मंडळानं ठराव केला, तात्पुरत्यांत जो सर्वांत जुना त्याला या जागेवर कायम करावं. अख्ख्या कॉलेजला वाटलं, झालं, हिराबाईचं काम झालं. पोरी तिला चिडवायला लागल्या, पेढे कधी, पेढे कधी. ती लाजून "सरा तिकडं" म्हणायची. तिला निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. कायम झाली असती तर म्हातारपणाला पेन्शन होतं, आणि रूपाच्या दारात हात पसरायची वेळ आली नसती. ही एकच काळजी तिनं मला बोलून दाखवली होती.

एप्रिलच्या दहा तारखेला नोटीस बोर्डावर यादी लागली. मंडळानं ऑफिसकडं ज्येष्ठता यादी मागितली होती. ऑफिसनं काय करावं? नवी यादी करायचे कष्ट नकोत म्हणून अहवालातला नववा तक्ता झेरॉक्स करून पाठवला. छापलेला, नॅकनं बघितलेला, अधिकृत. त्यात महेश रुजू झाल्याची तारीख होती दोन हजार एक. महेश लायब्ररीतला तात्पुरता शिपाई. मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीनं लागला होता, म्हणून त्याला कधी ब्रेक दिलाच नाही. आणि हिराबाई, २-६-२००५. सर्वांत शेवटचं नाव. महेश चार वर्षांनी ज्येष्ठ ठरला.

मी यादीपुढं उभी राहिले. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं, तक्ते : प्रा. सरस्वती मिरजकर. झेरॉक्समध्येही ते स्वच्छ उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी रूपा ऑफिसात आली. एकवीस वर्षांची पोरगी, दहावी पास, रायापूरला एका दुकानात कामाला. हातात तिचा दहावीचा दाखला. तो तिनं वादिराजांच्या टेबलावर ठेवला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"मी पोटात असताना आई हितं लागली. माझा जन्म हितला. माझं वय बघा आणि आईची नोकरी मोजा."

आख्खं ऑफिस तिच्याकडं बघत राहिलं. कुणाला हसू आलं नाही. वादिराज दाखला उलटसुलट करून म्हणाले, "बाळ, लेकीच्या जन्माचा दाखला आईच्या नोकरीला चालत नाही." रूपा म्हणाली, "मग ह्यो तक्ता कुणी लिवला त्यास्नी बोलवा." मी दारातच होते. मी आत गेले नाही. लायब्ररीच्या बाजूनं वळले आणि वर्गात जाऊन बसले. पुढच्या तासाला अजून अर्धा तास होता.

नंतर मात्र मी प्राचार्यांकडं गेले, आणि जे तोंडाला येईल ते बोलले. हा अन्याय आहे, सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे, चौऱ्याऐंशीपासून ही बाई इथं आहे, मी स्वतः साक्षीदार आहे. शेषगिरी सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधनं एक कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"मॅडम, मलाही वाईट वाटतं. मंडळाला मी तोंडी सांगून बघितलं. ते म्हणतात, अहवालात तसं लिहिलंय. मग तुम्ही एवढं लिहून द्या. खरी तारीख मला ठाऊक होती, ती मी स्वतः खोडली आणि दुसरी घातली. टीमच्या समोरही मी तसंच सांगितलं. मी ते मंडळाकडं पाठवतो, आणि नॅकलाही कळवावं लागेल. ग्रेडचं काय व्हायचं ते होवो."

टीमच्या समोर. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. टीमच्या बाईंनी निरोपाच्या भाषणात, एका वर्षात लेडीज रूम कशी चमकवली, असं हिराबाईचं नाव घेऊन सांगितलं होतं. मी तेव्हा बाहेर चहाचं बघत होते, ते मला आता सरांकडूनच कळलं.

कागद मी घरी नेला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पाटावर बसून लिहायला घेतला. मी, खाली सही करणारी, इथपर्यंत लिहिलं. पुढं काय होईल ते सगळं डोळ्यांपुढं आलं. चौकशी. वर्तमानपत्रात नाव. माझी बढतीची फाईल त्याच वर्षी वर गेलेली. बाळकृष्ण सरांचा हसरा चेहरा, मोठी आली होती पुरावेवाली. ग्रेड गेली तर सगळं कॉलेज माझ्या नावानं बोटं मोडणार. आमच्या वहिनीनं आतनं विचारलं, चहा टाकू का. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सोमवारी तो पर्समध्येच होता. मंगळवारीही. शेवटी मी तो फाडला. दुसऱ्यांच्या खोट्या वह्यांना नावं ठेवणारी मी, मला एक खरं पान लिहिता आलं नाही. मी भित्री आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

महिनाअखेर महेशची ऑर्डर आली. पोरगा वाईट नाही. ऑर्डर घेऊन आधी तो हिराबाईच्याच पाया पडला, "अक्का, हे तुमचं होतं, मला ठाऊक आहे" म्हणाला आणि रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आला. सगळ्यांनी खाल्ले. मी माझा तसाच ठेवून उठले आणि वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

थोड्या वेळानं हिराबाई बादली घेऊन तिथं आली. ती गेले पंधरा दिवस माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, आणि त्यानं मी जास्तच मरत होते. तिनं बादली खाली ठेवली. माझ्यासमोरच्या बाकावर बसली. वीस वर्षांत ती माझ्यासमोर बाकावर कधी बसली नव्हती.

"बाई, एक इचारायचं हाय. खरं सांगा."

"विचारा."

"ते साल चुकून पडलं न्हवं? तुमच्या हातनं?"

 तीच पुढं बोलायला लागली, मला समजावल्यासारखी.

"चुकून पडलं आसंल, मी सगळ्यास्नी तेच सांगतोय. एवढी नावं, एवढ्या तारका, मानूस चुकतंय. बाई आसं जानून करायच्या न्हाईत. पर रूपा आयकंना. त्या दिशी हापिसातनं घरला आली आनी म्हनाली, तुज्या बाईनंच मुद्दाम केलंय, आई, तुला फशिवलंय. मला सोसलं न्हाई. मी तिच्या थोबाडीत मारलो. एवढी थोरली पोरगी, कंदी हात लावला न्हवता तिला. त्या दिसापासनं माज्यासंगट बोलंना झालीया. म्हनून इचारतोय. तुमी एकदा सांगा, म्हंजे तिला तुमच्याकडं घिऊन येतो. तुमच्या तोंडनं आयकली की तिला पटंल."

खिडकीतनं खाली मैदान दिसत होतं. मला खोटं बोलता आलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि एका शब्दात तिच्या घरातलं भांडण मिटलं असतं. पण टीमच्या बाईंपुढं जी जीभ आपोआप वळली होती, ती आता वळेना.

"हिराक्का," मी म्हटलं, "चुकून नाही पडलं. मला ठाऊक होतं. मी जाणून लिहिलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. मी सांगितलेलं तिच्या आत पोहोचायलाच वेळ लागत होता. मी पुढं काहीतरी सांगू लागले, वादिराजांचं पत्र, टीम, कॉलेजची अब्रू. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मग रूपाला मी उगंच मारलो की," ती म्हणाली.

तिनं बादली उचलली आणि ती खाली गेली. जिन्यावर कुणीतरी पोरगी तिला काहीतरी विचारत होती, आणि ती उत्तर देत नव्हती.